दोन आऊटबोर्डपैकी एकच इंजिन सारखं तापतंय, इम्पेलर बदलून पण थांबत नाही

मागच्या सीझनला आमच्या बोटीच्या डाव्या इंजिनाने मला चार महिने छळलं, आणि आता आजूबाजूच्या दोघातिघांकडून हुबेहूब तीच तक्रार ऐकतोय, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. बोट २८ फुटी फायबर, मागे बाहेर टांगलेली (आऊटबोर्ड) ६०-६० एचपीची दोन फोर-स्ट्रोक इंजिनं, मालवणजवळच्या देवबागच्या खाडीतून डॉल्फिन, संगम (खाडी समुद्राला मिळते ती जागा), त्सुनामी बेट आणि संध्याकाळची सनसेट अशा ट्रिपा मारतो.

तर प्रॉब्लेम असा. चांगलं पळता पळता डाव्या इंजिनाचा बझर वाजायला लागतो, लाल लाइट लागते, आणि इंजिन आपणहून दोन हजार आरपीएमच्या आसपास येऊन बसतं, मग लिव्हर कितीही पुढे ढकला ते हलत नाही. उजवं मस्त चालू. साहजिकच बोट डावीकडे ओढायला लागते, तुम्ही स्टिअरिंग उजवीकडे धरून बसता आणि मागे बसलेले पुण्याचे काका विचारतात, "काय हो, पेट्रोल संपलं का?" डावं बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की परत नॉर्मल. किनाऱ्याला आणून झाकण काढून बघावं तर काहीच नाही, मागच्या भोकातून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार पडतेय, हात लावला तर कोमट. मेकॅनिक येईपर्यंत इंजिन एकदम शहाण्या मुलासारखं.

हे ऑक्टोबरच्या शेवटी पहिल्यांदा झालं. इम्पेलर, म्हणजे ते पाणी वर चढवणाऱ्या पंपातलं रबरी चाक, बदलला, गेलं. बरोबर दिवाळीच्या गर्दीनंतर परत. परत इम्पेलर. नाताळात परत. म्हणजे एका सीझनमध्ये डाव्याला तीन इम्पेलर झाले आणि उजवं इंजिन त्याच जुन्या इम्पेलरवर, तेवढेच तास चाललेलं, एकदाही कुरकुर नाही. इथेच मी थांबून विचार करायला हवा होता पण सीझन चालू असताना कोण विचार करतो, रबर टाक आणि पळ.

आमच्या वाडीत एक म्हातारे तांडेल आहेत, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, उभा जन्म होडीवर गेला, इंजिनातलं त्यांना काही कळत नाही असं ते स्वतःच सांगतात. तिसऱ्यांदा लोअर युनिट (इंजिनाचा खालचा भाग, पंप त्यातच असतो) खाली उतरवलेलं बघून ते म्हणाले, "अरे झिला, डावाच मशीन तापता कित्याक? उजव्याक ताप येना नाय?" मी हसण्यावारी नेलं. रात्री झोप येईना तेव्हा लक्षात आलं की खरा प्रश्न तोच आहे. दोन्ही इंजिनं एकाच दिवशी घेतलेली, एकाच टाकीतलं पेट्रोल, एकच पाणी, तेवढेच तास. मग फरक कुठे आहे ते शोधायचं, डाव्यात काय बिघडलं ते नंतर.

दोन इंजिनांच्या बोटीत बिघाड शोधताना आपल्याकडे एक गोष्ट असते जी सिंगलवाल्याकडे नसते, ती म्हणजे शेजारी टांगलेलं तेच इंजिन, चालू कंडिशनमधलं. मॅन्युअल नको, मीटर नको, काय नॉर्मल आहे ते बाजूलाच दिसतं. आम्ही सगळे ते सोडून फक्त आजारी इंजिनाकडे बघत बसतो.

मग एक दिवस ट्रिप बंद ठेवून क्रमाने बघितलं. तुम्ही पण याच क्रमाने बघा, सोप्याकडून अवघडाकडे.

पहिलं, बझर खोटा तर नाही ना. तापमान मोजायची ती बंदूक मिळते, हजाराच्या आतबाहेर, ती घ्याच. दोन्ही इंजिनं सारख्या आरपीएमवर चालवून दोघांच्या सिलेंडर हेडवर एकाच जागी मारायची. डावं उजव्याइतकंच दाखवतंय आणि तरी बझर वाजतोय म्हणजे सेन्सर किंवा वायरिंग. आमचं डावं खरंच जास्त दाखवत होतं, आणि गंमत म्हणजे फुल स्पीडपेक्षा स्लोमध्ये फरक जास्त.

दुसरं, प्लॅस्टिक. पळताना पातळ कॅरीबॅग पाणी खेचायच्या जाळीवर चिकटते, बझर वाजतो, तुम्ही थांबलात की ती आपोआप गळून पडते आणि वर आणून बघितलं तर जाळी स्वच्छ. हे इतकं कॉमन आहे की एखाद्या वेळी एकदाच बझर वाजला तर मी आधी न्यूट्रल करतो, मग दोन सेकंद रिव्हर्स मारतो आणि परत बघतो. पण प्लॅस्टिक काही दर वेळी डाव्यालाच धरणार नाही. वर्षभर एकाच बाजूला होत असेल तर हे कारण सोडून द्या.

तिसरं, धार. धार बारीक असेल तर आधी भोकच तुंबलंय का बघा, ट्रिमरचा नायलॉनचा दोरा आत सरकवून साफ होतं. पावसाळ्यात बोट वर काढून ठेवलेली असते तेव्हा कुंभारीण माशी या भोकात मातीचं घर बांधते, दर वर्षी सप्टेंबरमध्ये कुणाचं ना कुणाचं इंजिन त्यामुळे घाबरवतं. आणि उलटं पण लक्षात ठेवा, धार जोरात पडतेय म्हणजे सगळं ठीक असं नाही, धार फक्त एवढंच सांगते की पंप पाणी वर चढवतोय, ते पाणी सगळीकडे फिरतंय की नाही ते नाही सांगत.

चौथं, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप. खाऱ्या पाण्यात मीठ धरून अडकतो. दोन्ही इंजिनांचे थर्मोस्टॅट काढले, प्रत्येकाच्या झडपेत दोरा अडकवून एकाच टोपात पाण्यात लटकवले आणि गॅसवर ठेवले. (टोप आमटीचा होता, त्यावरून घरात जे झालं ते वेगळं.) झडप उघडली की दोरा सुटून थर्मोस्टॅट खाली पडतो. आऊटबोर्डचे थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० डिग्रीला उघडायला लागतात, पण आकडा पाठ नसला तरी चालेल, दोन्ही मागेपुढे काही सेकंदात पडले पाहिजेत. आमचे पडले. म्हणजे थर्मोस्टॅट सुटला.

राहिला पंप. तीन वेळा उघडलेला पंप चौथ्यांदा उघडला, पण यावेळी उजव्याचा पण उघडला, आणि दोन्ही शेजारी फडक्यावर मांडले. खरं सांगतो, दोन मिनिटात कळलं. उजव्याचा इम्पेलर जुना, रबर जरा कडक झालेलं, पात्या एका बाजूला वाकून तशाच राहिलेल्या, पण टोकं शाबूत, आणि ज्या स्टीलच्या वाटीत तो फिरतो ती वाटी आतून गुळगुळीत. डाव्याचा इम्पेलर सहा आठवड्यांचा, रबर नवं मऊ, पण प्रत्येक पातीचं टोक घासून चपटं झालेलं, कानशीने घासल्यासारखं. वाटीत जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा रेघा, बोटाचं नख फिरवलं तर प्रत्येक रेघेत अडकत होतं. आणि हाऊसिंगच्या कोपऱ्यात चिमूटभर बारीक वाळू.

आता हे पण सांगतो की आम्ही आधीच्या वेळी नुसतं रबर बदललं होतं. वाटी आणि खालची प्लेट तीच. रेघा पडलेल्या वाटीत नवं रबर टाकलं की थोडे दिवस बरं चालतं, मग स्लोमध्ये पाणी त्या रेघांमधून मागे फिरतं, फुल स्पीडला पंप कसाबसा भागवून नेतो. म्हणून स्लोमध्ये तापमानाचा फरक जास्त दिसत होता. पूर्ण किट टाका, वाटी, प्लेट, गॅस्केट, चावी सगळं, रबरापुरते पैसे वाचवू नका. बसवताना शाफ्ट वरून बघून घड्याळाच्या दिशेने फिरवत पात्या आत घ्यायच्या, म्हणजे त्या बरोबर बाजूला वाकतात. आणि जुन्या इम्पेलरची एखादी पाती तुटलेली असेल तर तो तुकडा मिळेपर्यंत शोधा, तो वर जाऊन पाण्याच्या वाटेत बसला की नवीन पंप टाकून पण इंजिन तापतच राहतं आणि मग डोकं फुटायची वेळ येते.

तर वाळू. पण वाळू डाव्यातच का?

याचं उत्तर मला भिंतीवरच्या कॅलेंडरने दिलं. ज्या ज्या दिवशी बझर वाजला तिथे मी फुली मारलेली होती, डिझेल-पेट्रोलचा हिशोब तिथेच लिहितो म्हणून. सगळ्या फुल्या अमावस्या नाहीतर पौर्णिमा उलटून दोन ते पाच दिवसात. आपल्याकडे तिथीच्या पाऊणपट हा भरतीच्या वेळेचा जुना हिशोब आहे, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती आणि सव्वापाचच्या आसपास ओहोटीचा तळ. आणि उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या दिवसात ओहोटी सगळ्यात खाली जाते. आमची सनसेट ट्रिप सुटते साडेचार-पावणेपाचला. म्हणजे महिन्यातून दोनदा, चारपाच दिवस, आम्ही बरोबर सगळ्यात कमी पाण्यात, ओहोटीची ओढ चालू असताना बोट वाळूवरून काढत होतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसात त्याच वेळेला कंबरभर पाणी असतं, तेव्हा काहीच व्हायचं नाही.

आता बोट कशी काढत होतो ते. देवबागची खाडीकडची बाजू डोळ्यासमोर आणा. नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाळूवर टेकवलेली, म्हणजे तोंड पश्चिमेला, दोन्ही इंजिनं मागे पाण्यात. ओहोटीचं पाणी उजवीकडून येतं आणि संगमाकडे, म्हणजे डावीकडे जातं. माणसं चढेपर्यंत ओढीने बोटीची पाठ डावीकडे सरकते आणि बोट डाव्या अंगाने काठाला लागल्यासारखी तिरकी होते. म्हणजे डावं इंजिन उथळात, उजवं बाहेर खोलात. आता पाठ काठापासून सोडवायची. व्हिडिओमध्ये बघून आमच्या पोरांना एक गोष्ट पक्की बसलेली की दोन इंजिनांची बोट इंजिनांनी फिरवायची, स्टिअरिंग मधे ठेवायचं. त्या हिशोबाने पाठ उजवीकडे न्यायची तर डावं रिव्हर्सला टाकायचं. दिशा बरोबर आहे, डावं रिव्हर्स केलं की पाठ उजवीकडे जाते. पण हळू जाते म्हणून एक्सलेटर द्यायचं, आणि तेही नेमकं उथळातल्या इंजिनाला, ज्याच्या पंख्याखालची (प्रोपेलरखालची) फिन वाळूपासून वीतभर वर आहे.

रिव्हर्समध्ये काय होतं ते बघा. पुढे जाताना पंखा पाणी मागे फेकतो, त्यामुळे गिअरकेसच्या बाजूच्या जाळ्यांना समोरून येणारं स्वच्छ पाणी मिळतं, वाळू उडाली तरी ती मागे जाते. रिव्हर्समध्ये तोच पंखा पाणी पुढे फेकतो, थेट जाळ्यांवर. गुडघाभर पाण्यात असं पाव मिनिट केलं की जाळीसमोर पाणी नसतंच, चहासारखी गढूळ वाळू असते, आणि पंप ती सगळी ओढतो. रोज एकदा, उधाणात चारपाच दिवस सलग, आणि बझर त्यानंतर वाजायचा. मग इम्पेलर सहा आठवडे टिकला हेच नवल.

म्हणजे इंजिनात बिघाड नव्हताच. बिघाड आमच्या हातात होता आणि तो पण ठरावीक तिथीला.

आता काय करतो ते सांगतो. आऊटबोर्डच्या बोटीत दोन इंजिनांमधलं अंतर जेमतेम दोन-सव्वादोन फूट असतं. इतक्या जवळच्या जवळ एक पुढे एक मागे केलं तर वळवायची ताकद कमीच मिळणार. इंजिन आत असलेल्या मोठ्या बोटीला दोन पंखे असले तर ते लांब लांब असतात आणि ते स्वतः वळत नाहीत, तिथे तो प्रकार चालतो. आपल्याकडे अख्खं इंजिनच वळतं आणि ते बोटीच्या अगदी टोकाला आहे, त्यामुळे स्टिअरिंगची ताकद लिव्हरच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून आता माणसं चढायच्या आधीच डावं बंद करून अर्धं वर उचलून ठेवतो. उजवं, म्हणजे खोलातलं, एकटं चालू. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे. उजवं रिव्हर्सला नुसतं क्लिक, एक्सलेटर अजिबात नाही, दोन-तीन सेकंद, परत न्यूट्रल, परत क्लिक. पाठ आपोआप उजवीकडे खेचली जाते आणि नाळेवर एकजण बांबू टेकून ढकलतो. दुपारनंतरचा खारा वारा पश्चिमेकडून असतो, तो बोटीला काठापासून बाहेरच ढकलतो, माडांच्या आडोशाने जरा कमी लागतो पण लागतो, तेव्हा अर्धं काम तो फुकट करतो, फक्त मिनिटभर धीर धरायचा. पाणी कंबरेच्या वर आलं की डावं खाली, स्टार्ट, आधी धार बघायची, मग निघायचं. तोपर्यंत मागच्या सीटवर कुणाला उभं राहू द्यायचं नाही, पाठ जितकी हलकी तितकी इंजिनं वर, म्हणून माणसं पण पुढून भरत जातो. पण खूप पुढे पण नाही, नाहीतर नाळ वाळूत रुतते आणि मग बांबू काय, क्रेन आणा.

एक सावधगिरी, इंजिनं टायबारने (दोन्ही एकत्र वळवणाऱ्या दांड्याने) जोडलेली असतील तर एक वर आणि एक खाली असं होतं का ते आधी उभ्या बोटीत बघा. काही सेटअपमध्ये टायबार अडतो, जोर केला तर वाकतो. आणि अर्धं वर उचललेलं इंजिन चालू ठेवू नका, जाळी पाण्याबाहेर गेली की रबराला ओलावा मिळत नाही आणि कोरडा इम्पेलर काही सेकंदात जळतो.

लावताना पण हेच, ओहोटीच्या ओढीकडे तोंड करून, काठाकडचं इंजिन शेवटच्या पंधरा-वीस फुटात न्यूट्रल करून, बाहेरच्या इंजिनावर हळू यायचं. ते एकटं पुढे चाललं की नाळ काठाकडे वळते, तेवढं स्टिअरिंगने सांभाळायचं. ओढ समोरून असली की बोट आपोआप थांबते, रिव्हर्स मारायची वेळच येत नाही.

मालवणच्या जेटीला पाणी आहे तिथे एक पुढे एक मागे करून जागच्या जागी फिरवायला हरकत नाही, तिथे मी पण करतो. फक्त रिव्हर्सवाल्याला थोडं जास्त द्यावं लागतं, कारण पंख्याच्या पात्या पुढे जाण्यासाठी घडवलेल्या असतात आणि हबमधून निघणारा धूर रिव्हर्समध्ये पंख्यातच येतो, पकड कमी होते. आणि तुमची दोन्ही इंजिनं एकाच दिशेला फिरणारी आहेत का उलटसुलट, हे माहीत करून घ्या. मोठ्या एचपीत उलट फिरणारं मॉडेल वेगळं मिळतं, तिथे साधारण उजव्याचा पंखा मागून बघितल्यावर घड्याळाप्रमाणे आणि डाव्याचा उलटा. अशा जोडीत जागच्या जागी फिरवताना दोन्ही पंख्यांची बाजूला ओढायची खोड आपल्या मदतीला येते. आमच्यासारखी दोन्ही घड्याळाप्रमाणे असतील तर ती ओढ एकमेकांना खाते, आणि दोन्ही एकदम रिव्हर्स मारली तर पाठ थोडी डावीकडे जाते. म्हणून शक्य असेल तेव्हा जेटी डाव्या अंगाला घ्यायची, शेवटच्या रिव्हर्सला पाठ स्वतःहून जेटीला चिकटते.

शिडी मागे असलेल्या स्नॉर्केलिंग-स्कूबावाल्यांना एवढंच, माणूस पाण्यात असताना न्यूट्रल म्हणजे बंद नव्हे, दोन्ही चाव्या बंद. एका पोराचा कोपर लिव्हरला लागताना मी बघितलाय, नशीब की इंजिन बंद होतं.

आता एकाच इंजिनाच्या बाकीच्या तक्रारी, त्यात पण हीच शेजाऱ्याशी तुलना करायची पद्धत चालते, थोडक्यात सांगतो.

एकाचे आरपीएम दुसऱ्यापेक्षा कमी राहत असतील तर एका वेळी एकच वस्तू अदलाबदल करा. आधी टाकीपाशी पेट्रोलचे पाइप बदलून बघा. तक्रार दुसऱ्या इंजिनाकडे गेली तर पाइप, हाताने दाबायचा फुगा किंवा फिल्टर, इंजिन निर्दोष. नाही गेली तर प्लग. मग पंखे, पण ते दोन्ही एकाच दिशेचे असतील तरच, उलटसुलटवाल्यांनी नको. एकदम तीन वस्तू बदलल्या तर बरं होईल कदाचित पण कशाने झालं ते कळणार नाही, आणि मग पुढच्या वेळी परत तिन्ही बदलाल. आरपीएम कमी नसून उलट वाढतात आणि बोट पळत नाही असं असेल तर हबमधलं रबर सुटलेलं असतं. पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर पेंटची एक सरळ रेघ मारा, एक ट्रिप मारा, रेघ तुटलेली दिसली की निकाल लागला.

जेटीला लावताना गिअर टाकला की एकच बंद पडत असेल तर दोघांचा स्लोचा आरपीएम मीटरवर शेजारी शेजारी बघा, मग केबल, मग पेट्रोलमधलं पाणी. हल्ली पंपावर ई-२० मिळतं, आणि बहुतेक आऊटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि जास्त झालं की पाण्यासकट टाकीच्या तळाला बसतं. मेअखेरीला बोट वर काढल्यावर ऑगस्टअखेरपर्यंत तेच पेट्रोल टाकीत सडत ठेवलं तर सप्टेंबरमध्ये तळातून ओढणारं इंजिन आधी आजारी पडणार, मग तुम्ही कार्ब्युरेटरला नाहीतर इंजेक्टरला शिव्या देणार. पाणी वेगळं करणारे फिल्टर दोन्हीला स्वतंत्र लावा, आणि दोन्हीतलं पेट्रोल दोन काचेच्या बाटल्यात काढून शेजारी ठेवून बघा.

दोन्ही ठणठणीत असून बोट एका बाजूला ओढत असेल तर आधी दोघांचं ट्रिम, म्हणजे इंजिनाचा तिरकेपणा, सारखं आहे का बघा, गेजवर विश्वास न ठेवता मागे जाऊन डोळ्याने. मग टायबारचे नटबोल्ट. मग पंख्याच्या वरची ती छोटी फिन, बोट उजवीकडे ओढत असेल तर तिचं मागचं टोक जरासं उजवीकडे, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. उलटसुलट जोडीत मात्र ती सरळच असायला हवी.

आणि समुद्रात एक इंजिन खरंच बंद करावं लागलं तर ते उचलून पाण्याबाहेर घ्या, नाहीतर ते नांगरासारखं ओढत राहतं. राहिलेल्या एकावर फुल लिव्हर मारून बोट उचलायचा प्रयत्न करू नका, भरलेली बोट एका ६० वर उठत नाही, उरलेलं इंजिन मात्र दमतं. दोन-तीन हजारावर शांतपणे घरी या, स्टिअरिंग थोडं एका बाजूला धरावं लागेल तेवढं धरा, आणि जेटीला पहिल्या प्रयत्नात ओढीच्या विरुद्धच या.

आमच्या बोटीचं म्हणाल तर डाव्याचं पूर्ण किट फेब्रुवारीत टाकलं, काठावरून काढायची पद्धत बदलली, आणि सीझन संपेपर्यंत बझर परत वाजला नाही. मे महिन्यात बोट वर काढल्यावर दोन्ही पंप परत उघडून मांडले. डाव्याची वाटी कोरी. उजव्याच्या वाटीत बारीक दोन-तीन रेघा सुरू झाल्या होत्या, साहजिक आहे, आता रिव्हर्स सगळं तेच मारतं. म्हणून या वर्षीपासून सनसेट ट्रिपची चढाई उधाणाच्या दिवसात वाळूवरून न करता जरा पुढच्या खोल काठावरून करतोय, माणसांना शंभर पावलं जास्त चालावं लागतं, थोडी कुरकुर होते. आणि दिवाळीच्या आधी दोन्ही पंप उघडून बघायचे हे कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवलंय.